तेरा दिवसांच्या रेघा

मी भूकंप मोजणारं यंत्र बोलतोय. नाव ऐकून दबू नका. दोनशे किलोचा एक लोखंडी ठोकळा, त्याला अडकवलेली केसासारखी सुई आणि समोर चावीवर फिरणारा रूळ, एवढाच माझा संसार. जमीन हलली की भिंत हलते, टेबल हलतं, साहेबाची खुर्चीसुद्धा हलते. मी तेवढा जडपणामुळे जागच्या जागी राहतो. म्हणून रेघ वाकडी येते. मला अक्षर येत नाही, फक्त रेघ येते. पण आयुष्यात खोटी रेघ ओढली नाही. किती जणांना असं म्हणता येईल?

मला आणलं तेव्हा चार माणसं लागली आणि चौघांनीही शिव्या घातल्या. खडकापर्यंत खणून, सिमेंटच्या ओट्यावर बसवलं. खोली बारा बाय दहाची, एक खिडकी, एक कपाट, एक रॉकेलचा दिवा.

दिवा उजेडासाठी नव्हता. माझ्या कागदाला काजळी धरावी लागते. गुळगुळीत पांढरा कागद रुळावर गुंडाळायचा, दिव्याच्या धुरावर फिरवत राहायचं, म्हणजे मखमलीसारखा काळा होतो. मग माझी सुई त्यावर दिवसभर पांढरी रेघ ओढते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद अलगद काढायचा, खिळ्याने तारीख कोरायची आणि रोगणात बुडवून वाळत घालायचा. रोगण लागलं की संपलं. मग देव आला तरी रेघ पुसत नाही.

हे काम करणारा माणूस एकच होता. नाकाला, कानाला, भुवयांना कायम काजळी. सगळे त्याला काजळ्या म्हणत. त्याची बायकोसुद्धा म्हणायची, पण पाठीमागे. तोंडावर 'अहो'.

जगाच्या बातम्या आम्हा दोघांना पेपरच्या आधी कळत. सात समुद्रांपलीकडे शहर कोसळलं की वीस मिनिटांत माझी सुई थरथरायची. बाहेर लोक आपले चहा पीत उभे. एकदा कुठल्याशा देशाने जमिनीखाली बॉम्ब फोडला आणि कानावर हात ठेवले. माझ्याकडे रेघ होती. काजळ्या म्हणाला, "बघ लेका, मोठी माणसं कशी खोटं बोलतात." तेव्हा फार हसला होता.

जवळच एक दगडाची खाण होती. दिवसातून कितीतरी वेळा सुरुंग उडायचे आणि माझ्या कागदावर ओरखडे यायचे. साहेब वैतागले. काजळ्याला म्हणाले, "हे बारीक ओरखडे दिसले की बाजूला 'खाण' लिहीत जा. म्हणजे आम्हाला मोजत बसायला नको." झालं. हा रोज सकाळी खिळा घेऊन कोरायचा, खाण, खाण, खाण. पहिली दोन वर्षं नीट बघून लिहायचा. मग बघणं गेलं आणि लिहिणं राहिलं. माणसाचं असंच असतं.

खाणीच्या पलीकडे डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याला वस्ती. काजळ्याची थोरली मुलगी तिथेच दिली होती.

एका वर्षी खाणीतल्या कामगारांनी संप केला. तेरा दिवस एकही सुरुंग उडाला नाही. काजळ्याला हे माहीत होतं. खिडकीत उभा राहून तो म्हणालाही, "बसलेत सगळे विड्या ओढत." आणि वळून त्याच हाताने कागदावर कोरलं, खाण. तोंडाला माहीत होतं, हाताला नव्हतं.

मी त्या दिवसांत ओरडत होतो. पण माझं तोंड सुईएवढं. पहिल्या दिवशी चार ओरखडे, चौथ्या दिवशी अकरा, मग मोजदाद सुटावी इतके.

नवव्या दिवशी थोरली आली. बापाचा सदरा शिवून आणला होता.

"बाबा, आमचं मागचं दार लागेनासं झालंय. आठ दिवस झाले. आज पुढचंही अडकलं."

"ओलं लाकूड घातलं असेल. तुझा सासरा स्वतःला सुतार म्हणवतो. त्याने दिलेलं स्टूल अजून लंगडतंय माझ्याकडे."

"त्यांना बोलू नका हं. बसणारा जड असला तर स्टूल काय करील?" ती हसली, मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "याला विचारा ना. हा काही म्हणतोय का?"

काजळ्याने मान वर केली नाही. "तो काय म्हणणार? खाण, खाण आणि खाण."

ती गेली.

तेराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझी सुई कागद फाडून बाहेर गेली. डोंगराची कूस सुटली होती. खाली त्रेपन्न माणसं होती. त्यांत थोरली, जावई, तिचा सासरा. प्रेतं सापडली ती एकोणीस.

चौकशी झाली. साहेबांनी तेरा कागद टेबलावर मांडले, संपाचं कोणाला आठवलं नाही, 'खाण' लिहिलेलं सगळं सोडून दिलं आणि अहवाल लिहिला, पूर्वसूचना नव्हती. काजळ्याच्या बायकोने ते वाक्य उराशी धरलं. कोणी भेटायला आलं की म्हणायची, "डोंगर न सांगता आला हो. कोण काय करणार?" त्या वाक्यावर ती बाई जगली.

काजळ्याला कळलं ते पंधरा दिवसांनी, कागद कपाटात लावताना. एक कागद हातात घेतला, तारीख वाचली आणि मटकन खाली बसला. मग खिळा घेऊन 'खाण' खरवडू लागला. रोगण लागलेलं. खिळा घसरून बोट कापलं, अक्षर तसंच. त्याने तेरा कागद तळाला ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं.

अकरा वर्षं तो गप्प, मी गप्प. मध्यंतरी विजेवर चालणारी नवी यंत्रं आली, साबणाच्या डब्याएवढी. मला बंद केलं. तरी हा रोज येऊन मला पुसायचा.

त्याच्या निवृत्तीला चार महिने राहिले असताना एक शास्त्रज्ञ बाई आली. वयाने थोरलीएवढी. दुसऱ्या एका डोंगराला तडे गेले होते, खडक तोच, खाली दोनशे घरं. कोसळण्याआधी डोंगर काही सांगतो का, हे तिला शोधायचं होतं. तिने जुने कागद मागितले. काजळ्याने किल्ली दिली. देताना किल्लीचा ओरखडा कपाटाच्या दारावर उमटला. ती रेघ मला बघता आली, ओढता आली नाही.

तीन दिवस ती भिंग लावून बसली. चौथ्या दिवशी भिंग ठेवलं.

"काही नाही हो काका. सगळं खाणीचं आहे. तुमचा डोंगर न सांगताच आला."

"मग तिकडच्या लोकांना काय सांगणार मॅडम?"

"राहा म्हणूनच सांगावं लागेल. पुराव्याशिवाय दोनशे घरं कोण उठवणार?"

काजळ्याने फडकं घेतलं आणि पुसलेला रूळ पुन्हा पुसला. गप्प बसला असता तर चार महिन्यांनी हार घालून घरी गेला असता. बोलला तर घरी बायकोकडे ते एक वाक्य उरणार नव्हतं. रूळ पुसून पुसून गरम झाला.

"मॅडम, त्या तेरा दिवसांत खाण बंद होती."

"काय?"

"संप होता."

"मग हे 'खाण' लिहिलं कोणी?"

"मी. न बघता."

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने भिंग उचललं.

ओरखडे सगळे एकाच साच्यातले निघाले. जड कपाट ढकलताना ते अडतं, सुटतं, पुन्हा अडतं, तसा डोंगर आतून सरकत होता. रोज दोन ओरखड्यांमधली वेळ कमी होत गेली होती. शेवटच्या दिवशी दर सहा मिनिटांनी एक. बाईने ते जगापुढे मांडलं. देशोदेशींच्या पेपरांत बातमी आली, थक्क करणारा शोध, डोंगर कोसळण्याआधी मोजून ठोके देतो! माझ्या कागदाचा फोटो छापला, मोठा, 'खाण'सकट. शोध कसला डोंबलाचा? मी अकरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

त्या आठवड्यात काजळ्याची बायको खोलीत आली. पेपर पदराखाली धरला होता.

"दाखवा ते कागद."

त्याने मांडले. तिला वाचता येत नव्हतं.

"वाचा."

"खाण. खाण. खाण..."

"सगळीकडे तेच?"

"तेच."

ती बराच वेळ त्या पांढऱ्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "एकदा तरी बघितलं होतंस का रे?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला तिच्या तोंडून 'रे' ऐकावं लागलं. ती धाकट्या मुलाकडे राहायला गेली. नंतर आली नाही.

आता मला संस्थेच्या दारात काचेत ठेवलंय. चावी कोणी देत नाही. खाली पाटी आहे, त्यावर शोध माझा असल्याचं लिहिलंय. शाळेची पोरं काचेला नाक लावतात आणि पुढे जातात. पाटीवर काजळ्या नाही, थोरली नाही.

तिकडची दोनशे घरं उठवली. लोकांना पत्र्यांच्या शेडमध्ये ठेवलं. तिथली नवी यंत्रं ठोके मोजतायत. ठोके येतात, थांबतात, पुन्हा येतात. तीन महिने झाले, डोंगर जागचा हललेला नाही. लोक कंटाळले. पत्र्याखाली पोरं आजारी पडतात. माणसं शास्त्रज्ञांना शिव्या देतात आणि घरांकडे परत निघतात.

त्या घरांकडे जाणाऱ्या वाटेवर आता काजळ्या बसलेला असतो. ती शास्त्रज्ञ बाईच परवा इथे दारात कुणाला तरी सांगत होती. एकजण त्याला म्हणाला, "बाजूला व्हा म्हातारबा. भांडी घेऊन तासाभरात येतो."

"जा की. आधी माझं ऐक. माझी मुलगी मरणार होती ते माझ्यासमोर लिहून येत होतं. मी त्यावर खाण लिहिलं. झालं माझं. आता जा."

तो माणूस मागे फिरला म्हणे. रोज असे पाच-दहा येतात, आणि हा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतो. काही जण मात्र त्याला वेडा म्हणून मागच्या पायवाटेने घरी गेले. त्यांच्या चुली पेटल्यात. उद्या त्यांचं बघून आणखी जातील.

मी लोखंड. मला कोणाचं बरंवाईट वाटायचं कारण नाही. पण त्या म्हाताऱ्याकडे आता सांगायला दुसरं काही उरलेलं नाही, आणि एकच गोष्ट लोक किती दिवस ऐकतील? म्हणून त्या डोंगरालाच सांगतो. तुझी-माझी भाषा एक आहे. पडायचं असेल तर आता पड, बाबा. थोड्याच चुली पेटल्यात अजून.