पाचशे ग्रॅमचं बोट

ड्रिल मशीन तयार होतं, स्क्रूंवर पांढऱ्या खुणा झाल्या होत्या आणि सुचित्रामावशी दुरुस्तीच्या फॉर्मवर सही करायला पेन शोधत होती. हे सगळं माझ्यामुळे झालं होतं, आणि मला भयंकर आनंद झाला होता.

मावशी म्हणजे आईची पुण्यापासूनची मैत्रीण. इथे सिंगापूरला एका छोट्या खासगी म्युझियममध्ये ती धातूच्या जुन्या वस्तू सांभाळते. जूनच्या सुट्टीत मी तिच्या हाताखाली होते. पहिला आठवडा नुसती लेबलं चिकटवली. मग देणगीत एक रिव्हॉल्व्हर आलं. सव्वाशे वर्षांचं, नळीत पोलादी बूच ठोकून कायमचं बंद केलेलं, पोलिसांच्या कागदांसकट. सोबतच्या यादीत लिहिलं होतं: डबल-ॲक्शन, ट्रिगर निकामी.

आता शाळेच्या एअर पिस्तूल टीममध्ये मी आहे. नुसती आहे असं नाही, एप्रिलमध्ये मेडल आणलंय. त्याआधी वर्गात मी हात वर करायला घाबरायचे, आणि आता खालीच घेत नाही असं आई म्हणते. तर म्युझियमच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला आणि सांगून टाकलं, की घोडा, म्हणजे मागची ती छोटी हातोडी, अंगठ्याने मागे ओढता येते. पण डबल-ॲक्शनची मजाच ही, की नुसता ट्रिगर दाबला की घोडा उठतो, गोळ्यांचं चक्र फिरतं आणि घोडा आपटतो, सगळं एका दमात. मग मी हातमोजे घालून ट्रिगर दाबून पाहिला. हलला नाही. "तुटलाय," मी म्हटलं, "दुरुस्त करायलाच हवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. वर आणखी असं ठरलं, की उरलेले दोन आठवडे मी आंग मो किओ भागात, म्युझियमची धातूची कामं करणाऱ्या गोह अंकलच्या वर्कशॉपमध्ये बसून नवा भाग घासायचा. कानशीने, खरोखरीचा. मी तीन रात्री नीट झोपले नव्हते.

"फोर स्क्रू, ऑल रस्ट," आज वर्कशॉपमध्ये ड्रिल उचलत गोह अंकल म्हणाले. "मस्ट ड्रिल. आफ्टर दॅट कॅनॉट गो बॅक, हं."

मावशीचा चेहरा उतरला. "सव्वाशे वर्षं हे कुणी उघडलेलं नाही, कादंबरी. एकदा भोक पाडलं की ते मूळचं राहणार नाही. आणि कागदावर नाव माझं."

"मावशी, पण चालू होईल ना."

"हो गं बाई, होईल." तिला पेन सापडलं. "घे, शेवटचं हातात धरून बघ."

मी धरलं. जड, गार, तेलाचा जुना वास. अंगठ्याने घोडा हळूच मागे ओढला. चक्र एक घर फिरलं. आणि खाली ट्रिगर आपला आपण मागे सरकला.

मी घोडा सावकाश परत सोडला. पुन्हा ओढला. पुन्हा सरकला.

ट्रिगर गंजून अडकला असता तर तो असा लोण्यासारखा सरकला नसता. आणि आतलं काही तुटलं असतं तर दाबल्यावर तो सैल लागला असता. तो तर भिंतीसारखा लागला होता. कुणाला भिंतीसारखा? मला. माझ्या स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर पाचशे ग्रॅमचा आहे, म्हणजे तेवढ्याच जोराने सुटतो. अख्खं वर्ष मी बोटाला हेच शिकवलंय, की जोर लावायचा नाही.

गप्प बसले तर दोन आठवडे कानस. बोलले तर लेबलं, आणि वर सगळ्या मीटिंगसमोर मी मूर्ख.

"मावशी, सही नको करूस."

"आता काय?"

"हे तुटलेलंच नाहीये. आपण दाबलंच नाही नीट."

"आपण म्हणजे कोण? तूच म्हणालीस तुटलंय म्हणून."

"मीच म्हणाले. माझं चुकलं."

मी तिला घोडा ओढून दाखवलं. गोह अंकलनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून पाहिलं. "यू पुल व्हेरी हार्ड, मे बी स्पॉइल," ते म्हणाले.

"व्हेरी स्लो," मी म्हटलं. "विथ वजनकाटा." काट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना.

मावशी शुक्रवारी पुण्याला जाणार होती, त्यामुळे बॅग तोलायचा हुकवाला काटा तिच्या पर्समध्येच होता. सिंगापूरमधल्या कुठल्या मराठी घरात तो नसतो? एरवी त्याला तीस किलोंची बॅग लटकते आणि येताना भाजणीची पाकिटं कमी करायची की नाही यावर भांडणं होतात. आज त्याला सुती पट्टी बांधली, पट्टीचं दुसरं टोक ट्रिगरला. घोडा आपटू नये म्हणून खाली माझा खोडरबर. अंकलनी रिव्हॉल्व्हर मऊ कापडात गुंडाळून पकडीत बसवलं.

"मी ओढते," मावशी म्हणाली. "नाव माझं आहे."

मी आकडे वाचले. एक किलो. दोन. काही नाही. तीन.

"कादंबरी, मी थांबते."

"सैल पडतंय का?"

"नाही. ताठ आहे."

"मग अजून."

चार. चार आठशे. घोडा शहारल्यासारखा हलला. पाच. चक्र फिरायला लागलं, इतकं संथ की मला त्याची खाच न् खाच दिसली. पाच सहाशे. पाच नऊशे. खट्. घोडा माझ्या खोडरबरावर.

अरे बापरे म्हणावं तसं अंकल म्हणाले, "वा लाव, नॉट ब्रोकन. ओन्ली स्टबर्न."

मावशी स्टुलावर बसली आणि हसत सुटली. "सहा किलो. आणि आम्ही सगळे हातमोजे घालून त्याला गोंजारत होतो."

तिने फॉर्मवर दुरुस्तीच्या रकान्यात काट मारली आणि पेन माझ्यापुढे केलं. "आकडा तू लिही. मीटिंगमध्ये पण तूच सांगायचं."

"तुटलंय म्हणाले होते ते पण?"

"ते आधी."

मी लिहिलं: पाच किलो नऊशे ग्रॅम, चालू.

"म्हणजे उद्यापासून लेबलं?"

"लेबलं. याचं पहिलं."

मी नुसती रिव्हॉल्व्हरकडे पाहत राहिले. मावशीने सुस्कारा टाकला. "बरं, एकदा. एकदाच. खोडरबर ठेव."

मी दोन्ही हातांनी धरलं, दात आवळले, वर्षभर कोचने सांगितलेलं सगळं विसरले आणि दाबलं. घोडा उठला, चक्र फिरलं, खट्.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, घरी येताना बोटाचं पेर ठणकत होतं. उद्या प्रॅक्टिस आहे. पहिल्या पाच गोळ्या कुठे जातील देव जाणे.