कोरड्या टेस्ट ट्यूब

मुरबाडहून शहापूरला परीक्षक म्हणून गेले की मी आधी चहा नाकारते. येताक्षणी चहा पाजणाऱ्या कॉलेजावर माझा विश्वास नाही. बारावीच्या रसायनाच्या प्रात्यक्षिकाला तिथल्या किशोर सरांनी चहाबरोबर वडेही मागवले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सगळ्या मुलांना एकच द्रावण दिलं होतं, लोहाच्या क्षाराचं. त्यातलं लोह +2 अवस्थेत आहे की +3, ते शोधायचं होतं. ज्याच्या त्याच्या पेपरात +2. फक्त सापगावच्या रुचिताने लिहिलं होतं, "दोन्ही".

"ही नेहमीचीच गोंधळी," किशोर सर घाईने म्हणाले. "शून्य द्या."

मलाही तसंच वाटलं. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी मुलं मला मुळीच आवडत नाहीत. पण शून्य दिलं तर पोरगी नापास, आणि तोंडी परीक्षेत तिने सांगितलेलं नर्सिंगही बुडालं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"माझ्यासमोर करून दाखव," मी म्हटलं.

तिने एका टेस्ट ट्यूबमधल्या द्रावणात फेरिसायनाइड टाकलं. गडद निळं झालं, म्हणजे +2. दुसरीत थायोसायनेट टाकलं. लालभडक, म्हणजे +3. खरंच दोन्ही होतं!

"द्रावण कधी बनवलंत?" मी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कमळूदादांना विचारलं.

"काल सांजचं. सकाळी नळाला पाणी नसतं ना मॅडम. बादलीत करून ठेवलं."

उघड्या बादलीत रात्रभर हवा लागून +2 मधलं थोडं लोह +3 झालं होतं. मग बाकीच्यांना लाल कसं दिसलं नाही? मी शेजारच्या टेबलावरची टेस्ट ट्यूब उचलली. कोरडी. पुढच्या टेबलावरचीही कोरडी ठणठणीत. माझं डोकंच फिरलं.

"उत्तर तुला नव्हतं सांगितलं कुणी?" मी रुचिताला विचारलं.

रुचिताने किशोर सरांकडे चोरून पाहिलं. "सांगितलेलं. सगळ्यांनाच. पन लाल झालं ना मॅडम. झालेलं कसं नाय लिवू?" मग हळूच म्हणाली, "आता मी नापास का?"

किशोर सर वड्यांच्या ताटलीकडे बघत होते. मी तिला पूर्ण गुण लिहिले, सही केली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. सह्या दोन्ही परीक्षकांच्या लागतात, बाहेरच्या आणि कॉलेजातल्या.

"आधी हिच्यावर करा, सर. बाकीच्यांचं प्रात्यक्षिक सांजच्याला पाणी आलं की परत घेऊ."