एकच सॉकेट

घरात सत्ता कोणाची असं विचारलं असतं, तर लोरेटाने गॅरेजमधल्या ड्रायरकडे बोट दाखवलं असतं. त्यामागच्या भिंतीवरचा जाडजूड सॉकेट ही तिची जहागीर. गावातल्या शाळेच्या फुटबॉल टीमचे कपडे ती वर्षानुवर्षं धूत आली होती, आणि शुक्रवारच्या सामन्याला पोरं ओल्या जर्सीत उतरली असं एकदाही झालं नव्हतं.

मग तिच्या नवऱ्याने, व्हर्नने, म्हातारा ट्रक विकून विजेवरची गाडी आणली. घरातल्या साध्या सॉकेटवर ती दोन दोन दिवस चरत बसायची. ड्रायरच्या सॉकेटला दुप्पट व्होल्ट, तिथे एका रात्रीत पोट भरायचं. झालं, रोजची ओढाताण सुरू. शेवटी व्हर्नने एका सॉकेटचे दोन करणारी वायर आणली, शुक्रवारी सकाळी ड्रायर आणि गाडी दोन्ही जोडली आणि छाती फुगवून आत आला.

"मिटलं भांडण! दोघं एकदम चालतील."

दुपारी जावयाचा फोन आला. त्यांच्या लेकीला, कॅरीला, कळा सुरू झाल्या होत्या, चांगले दहा दिवस आधी. हॉस्पिटल सत्तर मैलांवर.

लोरेटा गॅरेजमध्ये धावली. ड्रायर गप्प, गाडीही गप्प. दोघांचा भार झेपला नव्हता आणि व्हर्नची पाठ वळताच विजेच्या पॅनेलमधलं सुरक्षेचं बटण पडलं होतं. जर्सी ओल्याच्या ओल्या, आणि गाडीत जेमतेम चाळीस मैलांची वीज.

"शेजारच्या मॅक्सीनची गाडी मागू?" व्हर्न चाचरत म्हणाला.

"ती मेकॅनिककडे पडलीय. आणि हायवेवरचं चार्जिंग बंद आहे, तूच सांगितलंस."

लोरेटाने घड्याळ पाहिलं. पहिल्या नातवाच्या वेळी ती टीमबरोबर परगावी गेली होती. पोचली तेव्हा बाळ दुपट्यात झोपलेलं. कॅरी एवढंच म्हणाली, "तुझी टीम आधी, आई. ठाऊक आहे मला." ते वाक्य तिला अजून टोचत होतं. आज ती उशिरा पोचणार नव्हती.

"काढ ती वायर," तिने हुकूम सोडला. "बटण वर कर, एकटी गाडी लाव. गाडीच्या पडद्यावर चोवीस अँपिअर कर, सॉकेट तीसचा आहे, त्याला तासन्‌तास पुरता ताणायचा नसतो. दीड-दोन तासांत निघू."

"आणि जर्सी?"

"दोरी आण."

व्हर्नने आधी शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या वसाहतीत उघड्यावर कपडे वाळत घालायला सक्त मनाई, आणि वसाहतीच्या मंडळाची अध्यक्ष म्हणजे हीच मॅक्सीन. कोणाच्या अंगणात साधा टॉवेल दिसला तरी दारावर तिची नोटीस चिकटलेली असायची.

मेपलच्या झाडापासून ओसरीच्या खांबापर्यंत निळ्या जर्सी फडफडू लागल्या, आणि मॅक्सीन तरातरा आलीच.

"लोरेटा! धोबीघाट मांडलायस का इथे?"

"कॅरी बाळंत होतेय, मी चालले. नोटीस खुशाल चिकटव, आल्यावर भांडू. पण ह्या सुकल्या की घड्या घालून पाचच्या आत कोचला बोलावून त्याच्या ताब्यात दे. नंबर आतल्या बाजूला घे, नाहीतर चुरगळतात."

"मी? मीच का?"

"दुसऱ्याच्या अंगणातलं गवत मोजणारी बाई तू. तुझ्याहून नीटनेटकं आहे कोण ह्या गल्लीत?"

मॅक्सीनने दोरीवरची एक वाकडी जर्सी सरळ केली.

हॉस्पिटलच्या आवारात शिरताना गाडीत नऊ मैल उरले होते आणि व्हर्नचा शर्ट घामाने भिजला होता. लोरेटा थेट खोलीत शिरली. कॅरीने डोळे उघडले.

"आई? आज शुक्रवार ना?"

"हो."

"मग जर्सी?"

"मॅक्सीनकडे."

"मॅक्सीनकडे!" कॅरीला हसू आलं, मग रडू, आणि तेवढ्यात कळ आली. तिने आईचा हात असा आवळला की लोरेटाच्या अंगठीचा वळ उठला.

व्हर्नने दारातूनच फोन वाचला. "मॅक्सीनने फोटो पाठवलाय. म्हणते, तुमच्याकडे सावली आली म्हणून दोरी माझ्या अंगणात बांधली. नोटीस दोघींच्या नावाने लिहिलीय!"

"नंतर," लोरेटा मागे न वळता म्हणाली.

संध्याकाळी नात झाली. तिकडे मैदानावर सामना केव्हाच सुरू झाला होता, आणि लोरेटाला त्याची आठवणसुद्धा नव्हती.