दुसरा वाफा

धाकटीची शेळी पुन्हा थोरलीच्या कोबीत शिरली. थोरलीने तिला कान धरून ओढत बांधावर आणलं, तेव्हा उन्हं अजून नीट वर आली नव्हती. शेळीच्या तोंडात पान होतं आणि भांडण दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखी ती ते सावकाश चावत होती.

दोघी एकाच घरच्या सुना. सासू गेली, शेताची वाटणी झाली, मधे बांध आला आणि तेव्हापासून बांधावर गवत कमी आणि भांडणं जास्त उगवायला लागली.

"ही शेळी आहे का तुझा जावई?" थोरली म्हणाली. "रोज येते, जेवते, जाते."

"मुकं जनावर आहे. चार पानं खाल्ली तर तुझं शेत काय ओस पडलं?"

यावर थोरलीने धाकटीच्या माहेरापासून सुरुवात केली आणि तिच्या खुरटलेल्या कोबीवर येऊन थांबली. धाकटीच्या कोबीने त्या साली गड्डाच धरला नव्हता, नुसता पाला सुटला होता. ही गोष्ट थोरलीने विहिरीवर, गिरणीत आणि न्हाव्याच्या बायकोला वेगळं बोलावून अशी तीनदा सांगितली होती. विळ्याला धार लावायची असेल तर तो थोरलीशेजारी ठेवावा, असं गावात म्हणायचे ते उगाच नाही.

पण या धारेच्या बाईला एक दुखणं होतं. गावात छोटं चर्च होतं. रविवारी उपासना झाली की त्याच बाकांवर शास्त्राचा वर्ग भरायचा. पाळकसाहेबांनी वर्गाला एक रीत घालून दिली होती. दर आठवड्याला एक धडा घ्यायचा, तो घरीदारी जगून बघायचा आणि पुढच्या रविवारी उभं राहून सांगायचं. मात्र स्वतःचं नाही, दुसऱ्याने केलेलं सांगायचं. आपलं चांगलं आपणच सांगितलं की ते आंबतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रीत चांगली होती, पण माणसं तीच होती. दुसऱ्याला दिसावं म्हणून जो तो चांगलं काम भर चौकात करायला लागला. मदत हवी असलेल्यांचा तुटवडा पडला. गिरणीकडे दळण घेऊन निघालेल्या एका म्हातारीचं ओझं लोहाराने हिसकून घेतलं आणि मोठ्या प्रेमाने तिच्या घरी परत नेऊन ठेवलं. म्हातारी दुसऱ्या वाटेने पुन्हा गिरणीला गेली. तरी न्हाव्याने रविवारी लोहाराचं सांगितलं आणि लोहाराची मान आठवडाभर ताठ राहिली.

असं करत करत सगळ्यांचं सांगून झालं. बहिऱ्या आजोबांचं झालं, ज्याच्या दुधात पाणी असतं त्या दूधवाल्याचंसुद्धा झालं. थोरलीचं मात्र कुणी सांगितलं नाही. दर रविवारी ती पुढच्या बाकावर बसायची, कुणी उठलं की पदर सारखा करायची आणि दुसऱ्याचंच नाव आलं की खिडकीबाहेर बघायची. एकदा घरी येऊन ती चुलीपाशी रडलीही होती. नवऱ्याने विचारलं तर धूर लागला म्हणाली.

भांडणानंतरच्या रविवारी धडा आला तो गालाचा. कुणी एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करायचा. पाळकसाहेब म्हणाले, गाल म्हणजे फक्त गाल नाही. जिथे तुमचं दुखतं ते पुढे करा. थोरलीचं दुखतं ते कोबीत, हे साऱ्या गावाला पाठ होतं. दोनचार जण गालात हसलेही. वाटेने येताना थोरलीने हिशेब मांडला. शेळीने पहिला वाफा खाल्ला, म्हणजे तो एक गाल झाला. दुसरा वाफा आपण होऊन पुढे करायचा. आणि हे बघणार कोण, तर धाकटी. तिलाच रविवारी उठून सांगावं लागेल. या विचाराने थोरलीला इतकं गोड वाटलं की ती वाटेत एकटीच हसली.

शेळी पुन्हा आली तशी थोरलीने तिला ओरडून हाकललं नाही. तिला चुचकारत दुसऱ्या वाफ्यावर नेलं. तिथले गड्डे घट्ट, पांढरे, बाजारात मिरवावेत असे होते. छातीवर दगड ठेवून तिने एक गड्डा स्वतःच्या हाताने फोडून शेळीपुढे धरला आणि धाकटीला हाक मारली.

धाकटी धावत आली. थोरली शेळीला भरवते आहे हे बघून तिला भलताच संशय आला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. तिने शेळीचं दावं धरून मागे ओढलं. थोरलीने शेळीला मागून रेटलं. रोज थोरली शेळीला बाहेर काढायची आणि धाकटी खाऊ दे म्हणायची, आज सगळं उलटं झालं. मधल्यामधे शेळी लांबायची तेवढी लांबली.

"अक्का, खरं सांग. औषध फवारलंस ना यावर?"

"मुलाची शपथ, नाही फवारलं. खाऊ दे तिला पोटभर."

"मग आधी तू खा."

थोरलीने पान तोडलं, झटकलं आणि कचाकच खाल्लं. धाकटी म्हणाली, ते नाही, त्या पलीकडच्या गड्ड्याचं खा. थोरलीने त्याचंही खाल्लं. धाकटीने कडेचं दाखवलं, मधलं दाखवलं. थोरली वाफ्यात बसून कच्चा कोबी खात राहिली. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, आणि आपल्या वाटणीला हिने हात घातला म्हणून शेळी तिला ढुशी मारत होती.

"अगं, पण हे कशासाठी?" धाकटीने शेवटी विचारलं.

थोरलीचं तोंड भरलेलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "सगळ्यांचं कुणी ना कुणी सांगतं. माझं कुणीच सांगत नाही गं. तू तरी सांग."

धाकटीला जे हसू फुटलं ते आवरेना, ती सरीतच मटकन बसली. तिचं बघून थोरलीलाही फुटलं. हसता हसता धाकटीने एक पान तोडून तोंडात टाकलं. दोघींच्या मधे शेळी उभी राहिली आणि तिघींनी मिळून दुसऱ्या वाफ्याचा फडशा पाडला.

रविवारी वर्ग गच्च भरला. धाकटी उठली तशी थोरलीने पदर सारखा केला. धाकटीने सगळं सांगितलं, ओढाओढीसकट. बाकं हसून हलत होती, पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. थोरलीला लाजही वाटत होती आणि आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते.

धाकटी मात्र खाली बसेना. दाव्याशी खेळावं तसा ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "शेळी आपली आपण सुटत नव्हती. दावं मीच सोडायचे. अक्का माझ्या कोबीला गावभर हसली होती म्हणून."

सगळ्यांचे डोळे थोरलीवर. तिच्या पायापासून जो संताप निघाला तो थेट जिभेपर्यंत आला. चांगली चार वाक्यं तयार होती, त्यातली दोन तर फारच सुंदर होती. इतक्या दिवसांनी कमावलेलं नाव एका वाक्यात जाणार होतं. ती उठली. लोहाराने डोळेच मिटून घेतले.

"मला एकीचं सांगायचंय," थोरली म्हणाली. "इथे सगळे आपलं चांगलं दिसावं म्हणून धडपडतात. मीही. आपलं वाईट आपण होऊन सांगणारी आज एकच निघाली, ती माझी धाकटी जाऊ. आणि तिच्या कोबीला मी हसले, ते मी हसायला नको होतं."

खाली बसताना तिच्या ध्यानात आलं, की आपलं कुणी सांगत नाही म्हणून कुढताना तिनेही आजवर कधी कुणाचं सांगितलं नव्हतं. ती धाकटीकडे सरकून बसली.

पण जित्याची खोड कुठे जाते. चर्चची पायरी उतरल्याबरोबर थोरलीने विचारलं, दावं किती वेळा सोडलंस ते सांग. धाकटी म्हणाली, आधी गावात किती जणांना सांगितलंस ते सांग. मग पहिल्या वाफ्याची भरपाई निघाली, बांधाचं कुंपण निघालं, वाटणीतला तांब्याचा हंडासुद्धा निघाला. दोघी हातवारे करत, थांबत, पुन्हा चालत थोरलीच्या दारापर्यंत आल्या, तरी निम्मंसुद्धा झालं नव्हतं. तेव्हा भांडण अर्धवट राहायला नको म्हणून थोरलीने धाकटीला जेवायलाच ठेवून घेतलं.