मागच्या दाराची अट

जबडा मोडल्याचा आवाज मी पाठमोरी असतानाही ओळखला. आमचं दुकान मटणाचं, सगळा दिवस हाडं फोडण्यात जातो, त्यामुळे कुठलं हाड कसं मोडतं हे कानांना पाठ झालेलं. वळून बघितलं तर सासूबाई ठोकळ्याला धरून उभ्या होत्या. माझ्या नवऱ्याच्या हातात तराजूचं लोखंडी वजन होतं. खाली भुशावर रक्त पडत होतं आणि ते बकऱ्याचं नव्हतं.

"बोल आता," तो म्हणाला. "उद्या चर्चमध्ये उभी राहून बोलणार होतीस ना? बोल की!"

सासूबाईंचा खालचा जबडा एका बाजूला सरकला होता. मी मध्ये गेले, तर त्याने माझ्या पोटात गुडघा घातला. मी पडले ती फ्रीजवर. मग त्याने वजन जाग्यावर, तराजूशेजारी, नीट ठेवलं, हात धुतले आणि शटर अर्धं वर करून निघून गेला. तो दारू पीत नव्हता. पीत असता तर लोकांना बोलायला कारण तरी मिळालं असतं.

सासूबाईंना बाजारात सगळे सत्तूरबाई म्हणत. दुकान त्यांच्या वडिलांचं, त्यांच्याच नावावर. सासरे आयुष्यभर त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्यांना मारत राहिले. ते गेले, आणि लेक मोठा झाला. वाण नाही पण गुण लागला म्हणतात, इथे दोन्ही लागले. हातात सत्तूर असून ही बाई मार कशी खाते, असं लोक हसून विचारायचे. मीही एकदा विचारलं होतं, न हसता.

"नवऱ्यावर उगारला असता गं," त्या म्हणाल्या होत्या. "पण तेव्हा हा कडेवर असायचा. आणि आता ह्याच्यावर कसा उगारू? ह्याला पाजलंय मी."

मला राग आला होता. अजूनही येतो.

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या पुढच्याच महिन्यात त्याने मला पहिल्यांदा मारलं. मी एका चपलेवर पळत सुटले. माहेर लांब, ओळखीचं कुणी नाही. चर्चचं मागचं दार तेवढं उघडं दिसलं, त्याला कुलूप नसायचं. आत एक लहान खोली, त्यात गाणाऱ्यांचे झगे, जुन्या समया आणि भिंतीला लागून एक बाक. बाकावर सासूबाई बसल्या होत्या. ओठ फुटलेला, मांडीवर हात. माझ्याआधी त्यांचा नंबर लागला होता तर! मग त्या म्हणाल्या, "सरकते मी, बस," आणि बाकावर सरकल्या.

तेव्हापासून आमचं सासू-सुनेचं खरं बोलणं त्या बाकावरच झालं. घरात त्या माझ्या भाकऱ्यांना नावं ठेवायच्या, बाकावर माझी पाठ शेकायच्या. राखणदार म्हातारा येऊन पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि न बोलता जायचा. त्याने कधीच काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल देव त्याचं भलं करो.

मग चर्चवरच संक्रांत आली. छप्पर गळत होतं, माणसं कमी झाली होती, आणि वरच्या मंडळींनी कळवलं की चर्चचा खर्च चर्चने भागवावा, नाहीतर बंद करून जागा विकू. म्हणून पाळकसाहेबांनी कायम निधी काढला. मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही. त्यातून जे येईल त्यावर छप्पर, दिवाबत्ती, पगार, आणि हे पुढच्या पिढ्यांपर्यंत. कुणी ठेवी दिल्या, कुणी घराचा वरचा मजला दिला. सासूबाईंनी दुकान दिलं. दुकान कुणी विकायचं नाही, जो चालवेल त्याने भाडं चर्चला द्यायचं.

आमच्या चर्चची रीत अशी की, देणाऱ्याने रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून काय देतो आणि कुठल्या अटीवर देतो ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. लोक 'मान्य' म्हणाले की दान पक्कं. तोपर्यंत वकिलाचे कागद म्हणजे नुसते कागद. माझ्या नवऱ्याला दुकान विकायचं होतं, गिऱ्हाईकही ठरलं होतं. त्याने सरळ हिशोब केला: तोंडच राहिलं नाही तर सांगणार कशाने?

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडल्या?"

"ठोकळ्यावर घसरल्या," मी म्हणाले. इतकं पटकन, की माझी मलाच लाज वाटली. जिभेला तीच सवय होती.

डॉक्टरांनी जबडा पट्टीने डोक्याशी आवळून बांधला. सोमवारी तार घालू, तोवर बोलायचं नाही, असं बजावलं. जणू काही त्या बोलू शकणार होत्या! रात्र आम्ही दवाखान्यातच काढली. सकाळी सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि बोटाने चर्चची दिशा दाखवली.

"आई, राहू दे आता. पुढच्या रविवारी बघू."

त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारपर्यंत तो आणखी काय मोडेल, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आम्ही आत गेलो तेव्हा गाणं थांबलं. माझा नवरा शेवटच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. शेजारचे त्याची विचारपूस करत होते, 'आई पडली म्हणे.' पाळकसाहेबांनी सासूबाईंचं नाव घेतलं आणि त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. तोंड सुजून निळं झालेलं, पट्टीवर रक्ताचा डाग. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. जो आवाज निघाला, तो ऐकून पुढच्या बाकावरच्या एका लहान मुलीने कान झाकले.

खजिनदार उठले. माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. "बाईंची अवस्था बघून वाईट वाटतं. पण दात्याने स्वतः सांगितल्याशिवाय दान घेता येत नाही. आजवर हा नियम कुणासाठी मोडला नाही."

मागून नवरा म्हणाला, "बरोबर आहे. तिला घरी नेतो मी."

तो उठला. मी आठवडाभर दुकानात त्या अटीची उजळणी ऐकली होती. सासूबाई मटण तोडता तोडता पाठ करायच्या. एक वाक्य, एक घाव. शाळेत न गेलेल्या बाईला चारचौघांत अडखळायचं नव्हतं. त्यामुळे ती अट मलाही पाठ होती. पण मी त्यांच्या मागेच उभी राहिले होते. सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझा हात उचलला आणि स्वतःच्या मोडक्या जबड्यावर ठेवला. पट्टीखाली तो गरम लागत होता.

"हे तोंड त्यांचंच आहे," मी म्हणाले. "काल त्यांच्या मुलाने वजन मारून मोडलं. त्या पडल्या नाहीत. मीही कधी पडले नाही. जिन्यावरून नाही, मोरीत नाही, कुठेच नाही."

मग मी ती उजळणी म्हणाले, जशी ऐकली होती तशीच. "माझ्या बापाचं दुकान मी चर्चला कायमचं देते. ते कुणी विकायचं नाही. अट एकच. चर्चच्या मागच्या दाराला कधीही, कुणीही कुलूप लावायचं नाही. बाक आहे तिथेच राहील."

"अहो, पण चोर शिरतील त्याचं काय?" खजिनदारांच्या तोंडून निघून गेलं.

"मान्य," बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं. शिंप्याची बायको होती ती. मी तिला त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं, पण बाक कुठला हे तिला सांगावं लागलं नाही. मग तिच्या मागची म्हणाली. मग एक म्हातारी, जिला ऐकूही कमी येतं. बायकांचे संपले तेव्हा पुरुषांचे सुरू झाले, आणि शेवटी खजिनदारांनी खाली बघून मान्य म्हटलं.

तोवर नवरा माझ्यापर्यंत पोचला होता. त्याने माझे केस धरून मला वेदीच्या पायरीवर आपटलं. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त आलं. राखणदार मध्ये आला तर त्याच्या नाकावर ठोसा बसला. मग मात्र बाकं आडवी पडली, आणि गेली कित्येक वर्षं नुसतं बघणारे पुरुष एकदम धावून आले. त्यांनी त्याला तुडवत तुडवत बाहेर काढलं. मला बरं वाटलं. चर्चमध्ये वाटायला नको होतं, पण वाटलं.

आम्हा दोघींना मागच्या खोलीत बसवलं. शिंप्याची बायको पोलिसांना बोलवायला गेली. पाळकसाहेब पाणी आणायला गेले. पुढे लोक बाकं सरळ करत होते, त्याचे आवाज येत होते. आणि मागचं दार ढकललं गेलं.

तो होता. शर्ट फाटलेला, एक डोळा मिटलेला, ओठातून रक्त. दाराला कुलूप नव्हतंच, आताच आम्ही सगळ्यांकडून ते वदवून घेतलं होतं. मी समई उचलली, पितळेची, जड. या वेळी डोक्यातच घालणार होते.

"आई," तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या हळूच बाकावर सरकल्या. माझ्या बाजूला, मला लागून. त्यांच्या पलीकडे एका माणसापुरती जागा झाली.

मी नसते सरकले. आजही सरकणार नाही.

तो त्या जागेकडे बघत राहिला. मी त्याला बराच मार खाताना नुकतंच पाहिलं होतं, पण त्याचं तोंड असं झालेलं पाहिलं नव्हतं. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. हात झटकला, वळला आणि गल्लीत निघून गेला. कोपऱ्यावर पोलिसांनी त्याला धरलं, ते आम्हाला नंतर कळलं.

दार उघडंच राहिलं. पाळकसाहेब पाणी घेऊन आले, त्यांनी ते लावायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला. मी चमच्याने सासूबाईंच्या ओठांवर पाणी सोडलं. अर्धं हनुवटीवरून ओघळलं. पलीकडची जागा रिकामी होती, तरी त्या परत सरकल्या नाहीत, आणि मीही समई खाली ठेवली नव्हती.