रुक्मिणीबाईंच्या नावाचा पंप

मी एक जुना हातपंप आहे. सोलापूरच्या दक्षिणेला, होटगी जंक्शनापलीकडच्या एका वस्तीवर मी उभा आहे. उभा आहे एवढेच. पाणी देत नाही. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना वस्तूने गहिवरावे असा प्रघात आहे. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, गहिवर येत नाही, गंज येतो. म्हणून जे घडले ते क्रमाने सांगतो. त्यात माझ्यापेक्षा मला इथे आणणाऱ्या माणसाची हकिगत अधिक आहे.

माझा जन्म एका लहानशा फाउंड्रीत झाला. ज्या नमुन्यावरून मला ओतले, तो परदेशातल्या एखाद्या शेतघरासाठी बेतलेला होता: एक कुटुंब, दोन-चार गुरे आणि दिवसातून थोडा वेळ वापर. वर दिसतो तो माझा दांडा. खरे काम जमिनीखाली चालते. तिथे नळात एक दट्ट्या खालीवर होतो आणि त्याला नळाशी घट्ट बसणारी चामड्याची वाटी असते. तिला सगळे वायसर म्हणतात. चामडे झिजते. ते झिजले की दट्ट्या वर येतो आणि पाणी खालीच राहते. यात नशिबाचा किंवा देवाच्या कोपाचा काहीही भाग नाही.

मला विकत घेणारे चिंतामणी मोहोळकर हे लोकांच्या बचतीची गुंतवणूक करून देत. त्यांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, मोहोळला चार घरचे पाणी भरून त्यांना शिकवले होते. एका गिरणीच्या हिशेबखात्यात त्यांनी उमेदवारी केली, ताळेबंद वाचायची विद्या स्वतःच मिळवली आणि नव्या पेठेत माडीवर कचेरी थाटली. शिक्षक, डॉक्टर, निवृत्त इंजिन ड्रायव्हर आपली पुंजी त्यांच्या शब्दावर लावत. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी गावोगाव विंधणविहिरी खणून देणारा न्यास काढला आणि देणगीदारांना दाखवायला नमुना म्हणून मला कचेरीच्या कोपऱ्यात उभे केले. त्यामुळे त्यांचे बोलणे मी पुष्कळ ऐकले.

एकदा कॉलेजातले मुकुंदराव प्राध्यापक आले, ते जिना चढतानाच बोलत होते.

"चिंतामणराव, त्या नव्या गिरणीचं फाटक पाहिलंत? काय कमान आहे! घेऊन टाकू का शेअर?"

"मुकुंदराव, कमान सूत कातते का?"

"आता तुम्ही लागलात शिकवायला. शिकवायचं काम माझं."

"सूत काततात त्या यंत्रातल्या चात्या. चात्या झिजतात. ती झीज भरून काढायला मालकानं दरवर्षी काही बाजूला ठेवलंय का, ते आधी बघायचं. घसाऱ्याची तरतूद नसलेली गिरणी म्हणजे सजवलेलं मढं."

पुढच्या वर्षी ती गिरणी बंद पडली. मुकुंदरावांची बचत शाबूत राहिली आणि त्यांनी कृतज्ञतेपोटी एका पंपाची देणगी दिली. देणगीदार येत, माझा दांडा दोनदा हलवून बघत आणि जवळजवळ प्रत्येक जण विचारी, "पाटी केवढी असेल?" पाटी मिनाकामाची, निळ्यावर पांढरी अक्षरे अशी होती.

चिंतामणरावांच्या पत्नी लीलाबाई यांनी मात्र वेगळे विचारले. "अहो, हा बिघडला तर कोण बघणार?"

"आधी पाणी तर लागू दे, लीला. आणि दुरुस्तीला देणगी मागायची कशी? वायसरवर कुणाचं नाव कोरता येत नाही."

खोलीतले सगळे हसले. तेही हसले. गिरणीला लावलेली कसोटी त्यांनी मला लावली नाही. माणसे तहानलेली होती आणि घाई होती, हे खरेच होते. पण घाईमुळे चामडे कमी झिजत नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मला या वस्तीवर रोवले. नमुन्याचा पंप त्यांनी स्वतःच्या देणगीतून घेतला आणि माझ्या छातीवर पाटी बसवली: 'कै. रुक्मिणीबाई मोहोळकर यांच्या स्मरणार्थ'. तोवर इथल्या बायका जंक्शनावर जाऊन वाफेच्या इंजिनाचे गरम पाणी मागून आणत. त्यांत बसव्वा होती. तिचा नवरा रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. तिची मुलगी शिवबाई सकाळभर हंड्यामागे असे, म्हणून ती शाळेत जात नव्हती.

नारळ फुटला, भाषण झाले, आधी गंजाचे तांबडे पाणी आले आणि मग स्वच्छ. बसव्वाने ओंजळ भरून पिऊन पाहिले.

"गार हाय की ओ!" ती म्हणाली. "सायेब, एवढी वर्सं आमी इंजिनाचा काढा पीत हुतो. आता तुमचं भाषान बी गोड लागलं."

दुसऱ्याच आठवड्यात शिवबाईचे नाव शाळेत घातले. पाणी भरता भरता ती माझ्या पाटीवर बोट फिरवून अक्षरे लावू लागली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला उपयोगाचा काळ तो एवढाच. एका शेतघरासाठी बेतलेला माझा दांडा पहाटेपासून अंधारापर्यंत साऱ्या वस्तीच्या हातांत असे. लोक माझे कौतुक करत. कौतुकाने वंगण मिळत नाही.

दुसऱ्या वर्षी वायसर झिजला. बसव्वा शहरात गेली आणि चिंतामणरावांनी पदरमोड करून मिस्त्री पाठवला. त्याच्या पुढच्या वर्षी तो पुन्हा झिजला. तोवर न्यासाचे पंप तालुकाभर झाले होते आणि सगळीकडून तेच निरोप येत होते. एका माणसाच्या पदराला ते झेपणारे नव्हते. तेव्हा ते स्वतः आले आणि माझ्या ओट्यावर बसले.

"बसव्वा, मी न्यासाच्या सभेत सांगितलं, वर्षभर नवे पंप नको, जुने चालू ठेवू. कुणी ऐकलं नाही. नवा पंप द्यायला मात्र सगळे तयार आहेत."

"नवा कशाला ओ? ह्यालाच येक चामडं घाला की."

"नव्यासाठी देणगी आहे. जुन्यासाठी नाही."

"म्हंजी बैल लंगडला तर नाल मारायचा न्हाय, दुसरा बैल आनायचा? लईच श्रीमंत दिसताय तुमी लोक."

नव्या पंपाच्या देणगीला त्यांना नाही म्हणता आले असते. लोक त्यांच्याच शब्दावर देणगी देत होते. पण नाही म्हटले तर मिळणारेही थांबेल, असा त्यांनी हिशेब केला. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर नवे भोक पाडले. पुन्हा नारळ, पुन्हा भाषण. तो पंपही माझ्याच नमुन्याचा होता आणि दोन उन्हाळ्यांत तोही थांबला. मुलगी हंड्यामागे लागली की पटावरचे नाव आपोआप कमी होते. शिवबाईचे झाले.

एकोणऐंशीच्या एप्रिलात चिंतामणराव पॅसेंजरने एकटेच आले. त्याच महिन्यात शहरात त्यांचा सत्कार झाला होता; किती पंप बसवले ते मानपत्रात होते, किती चालतात ते नव्हते. त्यांच्या खिशात एक नवा वायसर होता आणि सोबत मिस्त्री होता. वस्तीतल्या गड्यांनी साखळी लावून माझा नळ उपसायला घेतला. नळाच्या जोडांचे चार वर्षे न हललेले आटे गंजून एकजीव झाले होते. जोर लावला तेव्हा नळ मधेच तुटला आणि खालचा भाग दट्ट्यासकट भोकात गेला. मिस्त्रीने हात झटकले.

तेवढ्यात जंक्शनाकडून शिवबाई आली. आता ती वयात आलेली, डोक्यावर हंडा.

"कितवीत आहेस गं?" चिंतामणरावांनी विचारले.

"सोडली की कवाच." मग पाटीकडे बघून म्हणाली, "ह्ये मातर वाचता येतंय मला. पर सायेब, त्ये पयलं अक्षर, 'कै.', त्ये काय असतंय?"

"वारलेल्या माणसाच्या नावाआधी लिहितात."

"मग पंपाला बी लावा की," ती सहज म्हणाली. त्यांचा चेहरा पाहून तिने हंडा उतरवला आणि तांब्या भरून पुढे केला. "घ्या, पानी प्या. उनात आलायसा."

ते प्यायले. पाणी कोमट होते, इंजिनाचे. आईच्या नावासमोर उभे राहून त्यांनी तांब्या रिकामा केला, वायसर माझ्या ओट्यावर ठेवला आणि स्टेशनाकडे चालू लागले. ते पुन्हा आले नाहीत. वायसर संध्याकाळी वस्तीतल्या कुत्र्याने नेला. चामडेच ते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि कुणाला काही दान द्याल. देण्याआधी एवढेच विचारा की हे झिजेल तेव्हा कोण येईल. उत्तर मिळेपर्यंत पाटी रंगवायला टाकू नका. माझ्या सांगण्याने फरक पडेल असा पुरावा माझ्याजवळ नाही. नव्या पंपांच्या पाट्या अजूनही रंगत असतील. माझे बीड गंजले, दांडा कुणी मोडीत नेला, नळ भोकात पडून आहे. मिनाकाम तेवढे गंजत नाही. ती निळी पाटी अगदी नव्यासारखी आहे.