भट्टी चालली परमुलखाला

रिफायनरीत रंगवाले आले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद फोरमनला झाला. "ज्याला बुडवायचंय त्याला कुणी रंग लावतं का?" असं तो कँटीनमध्ये ज्याला त्याला विचारत सुटला आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच "नाही" म्हणून मोकळा झाला.

त्याचंही काय चुकलं म्हणा! गेली दोन-तीन वर्षं कानावर चांगलं काही येतच नव्हतं. किनाऱ्यावर पलीकडे असलेली रिफायनरी बंद पडली आणि तिच्या टाक्यांभोवती माणसाच्या कमरेइतकं गवत वाढलं. चौकातला पेट्रोलपंप उठला आणि तिथे गाद्यांचं दुकान आलं. टीव्हीवर कोटातली माणसं तक्ते दाखवून सांगायची, की जगात तेल गाळायची ताकद गरजेपेक्षा जास्त झालीय, गाड्या विजेवर चालल्यात, आता जुन्या रिफायनऱ्या एकेक करून जाणार. जगाच्या या बाजूच्या आधी जाणार आणि त्या बाजूला, जिथे अजून गाड्या वाढताहेत, तिथे नव्या उभ्या राहणार. एवढं ऐकलं की फोरमन टीव्ही बंद करायचा. जणू टीव्ही बंद केला की पेट्रोलचा खप वाढतो!

तो भट्टीचा फोरमन. कच्चं तेल उकळत्या टॉवरात जाण्याआधी ज्या भट्टीतून तापून जातं, ती भट्टी. तिच्या भिंतीत छोटी छोटी झाकणं होती. झाकण सरकवून आत डोकावायचं, ज्योत निळी आहे की पिवळी पडलीय ते बघायचं, नळ्या कुठे लाल झाल्यात का ते बघायचं, हे त्याचं आयुष्य. त्याच्या भुवया कायम अर्ध्या जळालेल्या असत. बायको म्हणायची, "बाकीच्यांचे केस डोक्यावरून जातात, आमच्या यांचे डोळ्यांवरून गेले."

मूलबाळ झालं नाही. पण बायकोचा धाकटा भाऊ, आईबाप गेल्यावर शाळेची पिशवी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला, तो याच घरात वाढला. अंगाने असा बारीक, की सगळे त्याला सुतळीच म्हणत. फोरमननेच त्याला रिफायनरीत चिकटवला, हातात पाना दिला, नट किती आवळायचा आणि कुठे थांबायचं ते शिकवलं. आता तो चांगला फिटर झाला होता, वरच्या खोलीत राहत होता. कोणता बूट घ्यायचा इथपासून ते कोणत्या मुलीला होकार द्यायचा इथपर्यंत तो एकच प्रश्न विचारायचा, "भावोजी, काय करू?" भावोजींना हा प्रश्न फार आवडायचा. वरवर ते वैतागल्यासारखं दाखवत, ती गोष्ट वेगळी.

याच सुतळीला शेजारच्या शहरातल्या बॅटरीच्या कारखान्यातून बोलावणं आलं. मशीनच्या देखभालीचं काम, राहायला खोली, सुट्टीला घरी यायचं. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवा, म्हणाले.

"भावोजी, काय करू?"

"थांब," फोरमन म्हणाला. "रंगवाले आलेत. मोठी दुरुस्ती येतेय. एकदा का दुरुस्ती झाली, की पुढची पाच-सहा वर्षं कुणी हात लावत नाही."

हे त्याने अगदी मनापासून सांगितलं. रंगवाल्यांच्या मागोमाग आणखी दोन माणसं आली होती आणि ती पाइपांच्या जोडांवर पांढऱ्या रंगाने नंबर घालत फिरत होती. जोडाच्या या बाजूला जो नंबर, तोच त्या बाजूला. मोठ्या दुरुस्तीआधी हे नेहमीचंच. जे जोड उघडायचे त्यांच्या दोन्ही बाजूंना खूण करायची, म्हणजे साफसफाई झाल्यावर ज्याचं तोंड त्यालाच परत लागतं. नंबर दिसले आणि सगळ्या रिफायनरीने सुटकेचा निःश्वास सोडला. वेल्डरने तर कर्ज काढून घराच्या छपराचं काम सुरू केलं.

रविवारी फोरमन नेहमीसारखा भट्टीच्या लोखंडी जिन्याने वरच्या मजल्यावर गेला. कठड्याला हात टेकून आत डोकावला. ज्योत ठीक होती. हात उचलला तर तळव्याला पांढरा रंग. त्याने कठड्याकडे बघितलं. कठड्याच्या जोडावर नंबर होता, या बाजूला आणि त्या बाजूला. त्याने जिन्याकडे बघितलं. प्रत्येक पायरीवर नंबर होता.

आता बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण फोरमन पायऱ्यांवरचे नंबर पुन्हा वाचू लागला. दुरुस्तीला पाइप उघडतात, व्हॉल्व्ह उघडतात. कठडा कोण उघडतं? पायरीला नंबर घालायचं कारण एकच, ती पायरी इथून काढून दुसरीकडे त्याच जागी बसवायची असेल तर. ही दुरुस्ती नव्हती. भट्टीचं बिऱ्हाड हलणार होतं.

तो बराच वेळ वर उभा राहिला. मग हात पँटीला पुसून खाली उतरला आणि कुणाशी काही बोलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

संध्याकाळी जेवताना सुतळीने परत विषय काढला. "भावोजी, उद्या त्यांना कळवायचंय. नक्की थांबू ना?"

फोरमनने ताटातून मान वर केली नाही. त्याला वरची खोली दिसत होती. गादी गुंडाळलेली, खिडकी लावलेली. दिसत होतं हेच जेवणाचं टेबल, एका बाजूला तो, एका बाजूला बायको आणि दोघांना बोलायला विषय नाही. त्याला भीती वाटली, आणि ती नोकरी जाण्याची नव्हती. नोकरी जाणार हे तर आता ठरलंच होतं. पण जायची तेव्हा जाऊ दे, तोवर हा पोरगा इथे असू दे, एवढंच त्याच्या मनात आलं. माणूस स्वतःच्या माणसाचा घात करतो तो असाच, प्रेमाने आणि जेवता जेवता.

"सांगितलं ना थांब म्हणून," तो म्हणाला. "किती वेळा विचारशील?"

सुतळी थांबला.

महिना उलटायच्या आत मोठ्या साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. साहेब कागद हातात घेऊन उभे होते, पण बघत होते छताकडे. मागणी घटली, नफा उरला नाही, कंपनीचा नाइलाज आहे. मात्र यंत्रसामग्री चांगल्या स्थितीत असल्याने समुद्रापलीकडच्या एका देशाने ती घेतलीय. तिथे तेलाला अजून मागणी आहे. सगळं सुटं करून जहाजाने जाणार, तिकडे उभं राहणार.

"म्हणजे भट्टीला नोकरी लागली," वेल्डर मागून म्हणाला, "आणि आपली गेली."

सगळे हसले. मग कुणीतरी फोरमनला विचारलं, "काय हो, रंगाचं तुम्ही काय म्हणत होता?" विकायची वस्तू रंगवूनच विकतात, हे त्या गर्दीत एकालाही सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी कुणाला ते ऐकायचं नव्हतं.

सुतळीने त्याच दिवशी बॅटरीवाल्यांना फोन केला. जागा भरली होती. त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर आता रिफायनरीवाल्यांची रांग लागत होती आणि रांगेतले पुढचे लोक मागच्यांकडे बघत नव्हते. वेल्डरही त्या रांगेत होता. त्याच्या घरावर अर्धंच छप्पर होतं.

भट्टी विझवायचं काम फोरमनवर आलं. दुसऱ्या कुणाला द्या म्हणाला असता तर दिलं असतं, पण म्हणाला नाही. एकेक बर्नर बंद करत गेला. शेवटचा बंद केला आणि झाकण सरकवून आत बघितलं. विटा अजून लाल होत्या. हळूहळू त्या काळ्या पडल्या. घरी आला तर बायको दारात उभी, कानावर तळवा आपटत होती.

"अहो, माझ्या कानांना दडे बसले की काय? काहीच ऐकू येत नाहीये."

"कान ठीक आहेत," तो म्हणाला. "भट्टी बंद झाली."

मोठ्या दुरुस्तीचे थोडे दिवस सोडले, तर लग्न होऊन आल्यापासून तो घुमणारा आवाज तिच्या कानात होता. इतका, की तो आवाज आहे हे ती विसरूनच गेली होती. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. फोरमन आत जाऊन हातपाय धुऊ लागला.

मग खरेदीदारांची माणसं आली. त्यांच्यातही एक फोरमन होता, गोल पोटाचा, हसऱ्या चेहऱ्याचा. सगळे त्याला पाहुणा म्हणू लागले. मोडक्यातोडक्या भाषेत तो सगळ्यांशी बोलायचा, भट्टीच्या भिंतीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "छान! खूप छान! आमच्याकडे वीस वर्षं चालेल." जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच, पण बिचाऱ्याच्या मनात तसं काही नव्हतं. चांगली भट्टी मिळाली म्हणून खूश होता, इतकंच. फोरमनला त्याचा राग धरता येईना, याचाच त्याला राग यायचा.

सुटं करायच्या कामावर इथलेच काही लोक रोजावर घेतले. फोरमन आणि सुतळी दोघंही लागले. ज्या नटांवर सुतळी आवळायला शिकला तेच आता तो सैल करत होता. कामात चोख होता. बोलत मात्र कमी होता. घरी येऊन जेवायचा, वर जायचा. "काय करू?" हा प्रश्न घरातून नाहीसा झाला होता आणि फोरमन रोज त्याची वाट बघत होता.

भट्टीचा वरचा भाग क्रेनने उतरवला त्या दुपारी पाहुणा फोरमनजवळ येऊन बसला. "आम्हाला इथला एक माणूस पाहिजे," म्हणाला. "या भट्टीचा स्वभाव माहीत असलेला. तुमचं वय झालं, नाहीतर तुम्हालाच नेलं असतं. विचार करून नाव सांगा."

विचार कसला करायचा! नाव एकच होतं. पण ते तोंडातून बाहेर काढायला फोरमनला बरेच दिवस लागले. पाहुण्याच्या केबिनच्या दारापर्यंत जायचा आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत फिरायचा. शेजारच्या शहरात जाऊ दिलं नाही आणि आता समुद्रापलीकडे पाठवायचं? पण इथे ठेवून त्याला देणार काय? रोजाचं काम संपत आलं होतं. त्यानंतर फाटकाबाहेरची रांग. एकदा स्वतःच्या सोयीसाठी त्याला अडवला, पुन्हा अडवला तर तोंड कसं दाखवायचं? शेवटी एका सकाळी तो मन घट्ट करून केबिनमध्ये शिरला.

"माझा मेहुणा आहे," तो म्हणाला. "फिटर. त्याला न्या. त्याच्याइतकी भट्टी कुणाला कळत नाही."

पाहुणा खुर्चीत मागे रेलला. "तो बारीक? तो येतोय ना! आम्ही आलो त्याच आठवड्यात त्याने स्वतःच विचारलं. तीन वर्षांसाठी. सही पण झाली. मी आणखी एकाचं नाव विचारत होतो. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," फोरमन म्हणाला. "म्हटलं, तुम्ही विसरला असाल."

घरी आला तेव्हा बायको वरच्या खोलीत होती. पलंगावर मोठी बॅग उघडी होती आणि ती सुतळीच्या शर्टाला बटण लावत होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"मला परवा सांगितलं त्याने," ती म्हणाली. "म्हणाला, भावोजींना मीच सांगेन."

"सांगितलं नाही."

"कसं सांगेल?" तिने दोरा दातांनी तोडला. "अहो, तो बॅटरीवाल्यांकडे गेला असता तर दर सुट्टीला या घरात जेवला असता. तुम्हीच थांबवलंत ना त्याला? मग आता कुणावर रागावताय?"

बायकोने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी अशा आवाजात बोलून घेतलं आणि पुढचं बटण उचललं.

सुतळी आला तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. त्याने बॅग बघितली, ताईकडे बघितलं, भावोजींकडे बघितलं. ताई उठून खाली गेली. सुतळी पलंगाच्या कडेला बसून तेलकट बोटं चोळत राहिला.

"मला त्या रविवारीच कळलं होतं," फोरमन म्हणाला. "सगळं उचलून नेणार आहेत हे. तुझी मुदत संपली नव्हती. तरी मी तुला थांब म्हणालो."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे न बघता जेवलात, भावोजी. असं कधी जेवत नाही तुम्ही."

फोरमनला वाटलं होतं पोरगा ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "ठाऊक होतं तर गेला का नाहीस?"

"तुम्ही थांब म्हणालात ना."

खाली ताई भांडी घासत होती, गरजेपेक्षा जास्त जोरात.

"आणि या वेळी? एवढ्या लांब चाललास, या वेळी मला का नाही विचारलंस?"

सुतळीने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता.

"विचारलं असतं तर तुम्ही परत थांब म्हणाला असतात, भावोजी," तो म्हणाला. "आणि मी परत थांबलो असतो."